तळमजल्याचा आराखडा : रविवारच्या सभेआधीची चर्चा

सचिव (फ्लॅट २): नमस्कार. पुनर्विकासाचा तळमजल्याचा आराखडा वर टाकला आहे. तळाला पूर्ण पार्किंग, रस्त्याला लागून सहा फुटी भिंत आणि एक गेट. हरकती असतील तर इथेच लिहा.

फ्लॅट ५, काका: पार्किंग भरपूर दिसतंय. माझ्याकडून होकार.

फ्लॅट ९: काका, माझी हरकत आहे. भिंतीऐवजी रस्त्यालगत दहा फुटांची मोकळी पट्टी आणि तिथे बसायला ओटा हवा. जरा सविस्तर लिहिते.
आपल्या कसबा पेठेत वाडा पडून इमारत झाली की रस्त्याच्या वाट्याला शटर नाहीतर भिंत येते. पूर्वी दिंडी दरवाजा होता, बाहेर ओटा, वर सज्जा. ओट्यावर भाजी निवडता निवडता पोरांवर लक्ष राहायचं. आता रात्री आठनंतर मुलीला बोळातून एकटीला पाठवायला आपण कचरतो. माणसं कमी झालेली नाहीत, उलट वाढलीच. पण सगळी वरच्या मजल्यांवर. गल्लीवर कुणाची नजर नाही, म्हणून तर कोपऱ्यावर कचरा पडतो.
तांबट आळीत अजून जिवंतपणा आहे, कारण काम रस्त्यालगत चालतं. मठारकामाचे, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे, ठोके कानावर आले की आळी आली. महात्मा फुले मंडई १८८६ ची. तिचा मधला अष्टकोनी मनोरा लांबून दिसतो, आजही लोक तिच्या खुणेवर पत्ता सांगतात. आपल्या गल्लीला सांगण्यासारखी अशी एक तरी खूण नको का?

फ्लॅट ५, काका: अगं, मंडई सरकारी पैशातून झाली. आपल्यासारख्यांना हे परवडतं का?

फ्लॅट ९: येरवड्याच्या वस्तीत झालंय, काका. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेत आर्किटेक्ट प्रसन्न देसाई आणि सहकाऱ्यांनी लोकांना उचलून टॉवरमध्ये नेलं नाही. पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची तेवढी त्याच जागी नव्याने बांधली. घर साधारण २७० चौरस फुटांचं, पण शेजार तोच आणि बोळही तेच. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या सदस्य पहिल्यापासून चर्चेत होत्या. आपण तर फक्त दहा फुटांची पट्टी मागतोय.

फ्लॅट ७, वहिनी: ओटा मलाही आवडेल, पण रात्री बाहेरची मुलं येऊन बसतील. पिचकाऱ्या, बाटल्या. साफ कोण करणार?

फ्लॅट ९: वहिनी, ही भीती रास्त आहे. अंधारातला रिकामा ओटा मलाही नको. म्हणून एका बाजूला दोन छोटे गाळे मागू या, शिंप्याला किंवा पिठाच्या गिरणीला. पहिल्या मजल्याच्या खिडक्या रस्त्याकडे हव्यात, नुसत्या डक्टकडे नकोत. आणि बाहेरचा दिवा सोसायटीच्या मीटरवर. पिंपळाभोवतीचा पार मात्र कुठल्याही परिस्थितीत तोडू द्यायचा नाही.

सचिव (फ्लॅट २): नियमाप्रमाणे लागणाऱ्या गाड्यांची जागा द्यावीच लागेल. मेकॅनिकल पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायचं) मागच्या बाजूला घेतलं तर पुढची पट्टी मोकळी होऊ शकते. देखभालीचा खर्च वाढेल, तो आकडा मागवतो.

फ्लॅट ५, काका: कसबा पेठ मेट्रो स्टेशन झाल्यापासून आमच्याकडची एक गाडी तशी उभीच असते. खर्चाचा आकडा बघून ठरवू. भिंतीचा आग्रह मी सोडतो.

फ्लॅट १, आजी: ओट्याला पायऱ्या दोनच ठेवा, शेजारी उतार आणि धरायला कठडा. उंच असला तर मला बसता येणार नाही.

सचिव (फ्लॅट २): आजी, लिहून घेतलं. आर्किटेक्टना दोन्ही पर्याय काढायला सांगतो. रविवारी सकाळी दहा वाजता, गच्चीवर.