यूसू न्दूर यांचे गाणे कसे ऐकावे?

प्रश्न :
सेनेगलचे गायक यूसू न्दूर यांची माझी ओळख १९९४ साली नेने चेरी यांच्यासह आलेल्या ‘सेव्हन सेकंड्स’ या एकाच गाण्यापुरती होती. अलीकडे त्यांच्या एका जुन्या कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहिले आणि मी थक्क झालो. आवाज तोच, पण त्याभोवती ढोलांचा एवढा कल्लोळ होता की सम कुठे येते हेच मला कळेना. हे संगीत ऐकताना कान कशाकडे लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
सम शोधणे काही काळ सोडून द्या आणि नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहा. या संगीताला म्बालाख म्हणतात. न्दूर तरुण होते तेव्हा सेनेगलच्या राजधानीतल्या, डाकारच्या, नाइटक्लबांमध्ये क्यूबाच्या धाटणीच्या गाण्यांचा बोलबाला होता. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी, आधी ‘एतुआल द डाकार’ आणि नंतर ‘सुपर एतुआल’ या वाद्यवृंदांतून, गाण्यात तिथली वोलोफ भाषा ठसवली आणि बारशा-लग्नांत वाजणारे साबार ढोल गिटारच्या शेजारी आणून बसवले. साबार एका उघड्या हाताने आणि दुसऱ्या हातातल्या बारीक काठीने वाजवतात. आपल्याकडे फडावरच्या ढोलकीवाल्याची नजर जशी नाचणारीच्या पायांवर खिळलेली असते, तशीच साबारवाल्याचीही असते, आणि तिने पाऊल उचलले की बोल बदलतो. काखेत धरलेले, डमरूच्या घाटाचे छोटे वाद्य म्हणजे तामा. त्याच्या दोऱ्या काखेत दाबल्या की स्वर चढतो, सैल सोडल्या की उतरतो, म्हणून ते बोलल्यासारखे वाटते. आसान चाम यांचा तामा न्दूर यांच्या ओळीला कसा उत्तर देतो, तेवढे एकदा धरून ऐका.

प्रतिसाद २ :
वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या १९८८ सालच्या जगभरच्या गाण्यांच्या दौऱ्यात स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्याबरोबर न्दूरही होते, आणि तो दौरा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरही आला होता. एवढ्या मोठ्या नावांच्या पंक्तीत ते स्वतःच्या भाषेत गात राहिले, याचे मला आजही फार कौतुक वाटते.

प्रतिसाद ३ :
एक बाजू राहून गेली. न्दूर यांच्या आईचे घराणे ग्रिओंचे, म्हणजे वंशावळी आणि थोरांची स्तुती गाणाऱ्यांचे आहे. मुलाने गवई व्हावे हे वडिलांना मान्य नव्हते. २००४ सालच्या ‘इजिप्त’ या संग्रहात त्यांनी फाती सलामा यांच्या अरबी वाद्यमेळाच्या साथीने सेनेगलच्या सुफी संतांचे गुण गायले. नाचगाण्याच्या गायकाने संतांची नावे घ्यावीत, हे मायदेशी अनेकांना रुचले नाही. पुढे त्याच संग्रहाला ग्रॅमी मिळाले. ढोलांनी गांगरून जात असाल तर आधी हे ऐका. इथे त्यांचा उंच, धारदार आवाज मोकळा ऐकू येतो आणि मग तोच आवाज ढोलांच्या गर्दीत ओळखणे सोपे जाते.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तेच चित्रीकरण पुन्हा लावले आणि केवळ तामाकडे लक्ष ठेवले. न्दूर एक ओळ म्हणून थांबतात, तामा तीच ओळ चढउतारासह परत म्हणतो आणि ते हसून पुढची ओळ उचलतात. पहिल्या वेळी हे मला ऐकूच आले नव्हते.