फ्रेंच ए१ : शब्द पाठ आहेत, पण लिंग, उच्चार आणि ऐंशी-नव्वद इथे गाडी अडते

केवडा (प्रश्न)

फ्रेंच सुरू करून दोन महिने झाले. चार महिन्यांनी डेल्फ ए१ (फ्रेंचची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा) द्यायची आहे. तीनेकशे शब्द पाठ आहेत, एत्र (असणे) आणि आव्ह्वार (जवळ असणे) वर्तमानकाळात चालवता येतात. अडते ते इथे :

१. नामाचे लिंग. मराठीतले लिंग आधी डोक्यात येते आणि घोटाळा होतो.
२. वाचलेले कळते, पण तेच वाक्य ऐकले की कळत नाही.
३. ७० च्या पुढचे आकडे.
४. वाक्य आधी इंग्रजीत जुळवून मग फ्रेंचमध्ये न्यायची सवय लागली आहे. ती मोडावी का?

रोज एक तास मिळतो. नेमके काय आणि कोणत्या क्रमाने करावे?

दवबिंदू

चौथा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे बरेच त्यातून सुटते. सवय जरूर मोडा. शब्दसंग्रहाला इंग्रजीची मदत होते, व्याकरणाला मात्र मराठी जास्त जवळची आहे.

‘तू’ म्हणजे त्यू आणि ‘तुम्ही’ म्हणजे व्हू. समोर एक आदरणीय व्यक्ती असो की दहा मुले, दोन्हीकडे व्हू. हा भेद आपल्या हाडात आहे, इंग्रजीच्या वाटेने गेलात तर तो दर वेळी नव्याने आठवावा लागतो.

‘त्याची आई’ आणि ‘तिची आई’ बघा. मराठीत ‘त्या-/ति-’ हा भाग मालकावरून ठरतो आणि ‘-ची’ आईवरून. फ्रेंचने पहिला भाग सोडून दिला, दुसरा ठेवला. म्हणून सा मेर म्हणजे त्याचीही आई आणि तिचीही आई. सोँ पेर म्हणजे त्याचे किंवा तिचे वडील. इंग्रजीतून विचार करणारा ‘वडील मुलीचे आहेत’ म्हणून सा पेर लिहितो आणि गुण घालवतो. मनात फक्त चा-ची धरा, चूक होणार नाही. अपवाद एकच : पुढचे स्त्रीलिंगी नाम स्वराने सुरू होत असेल तर सा-मा यांच्या जागी सोँ-मोँ येते. ‘माझी मैत्रीण’ हे मोँनामी होते, मा आमी नव्हे.

‘मी खातो’ आणि ‘मी खातोय’ या दोन्हींना झ माँझ पुरते. इंग्रजी ‘अॅम ईटिंग’ची नक्कल करून झ स्वी माँझे लिहिणे ही वर्गात सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

भूतकाळातही मराठी कामाला येते. ‘तो गेला, ती गेली’ मध्ये रूप कर्त्याप्रमाणे बदलते. जाणे, येणे, निघणे, पोचणे अशी क्रियापदे फ्रेंचमध्ये एत्र घेतात आणि तिथेही धातुसाधित कर्त्याप्रमाणेच बदलते : ‘इल एताले’ला जे लिहाल, त्याला ‘एल एताले’मध्ये शेवटी आणखी एक ई जोडायचा. कानाला फरक नाही, कागदावर आहे.

मराठी जिथे साथ देत नाही ती जागा म्हणजे आव्ह्वार. असे क्रियापद आपल्याकडे नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘मला भूक लागली आहे’, ‘मी वीस वर्षांची आहे’ : मराठीत चार रचना, फ्रेंचमध्ये चारही ठिकाणी आव्ह्वार. वयासाठी झे व्हँताँ, झ स्वी नाही. ही चार वाक्ये एकत्र पाठ करा.

आता लिंग. मराठीत तीन, फ्रेंचमध्ये दोन, आणि दोन्हींचा मेळ बसेल ही आशा सोडा. चंद्र, समुद्र, हात आपल्याकडे ‘तो’. फ्रेंचमध्ये ल्यून, मेर, मँ तिन्ही स्त्रीलिंगी. भिंत आणि छत्री आपल्या ‘ती’. म्यूर आणि पाराप्ल्वी पुल्लिंगी. नपुंसकलिंगी शब्द कुठेही जातात : घर स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, झाड पुल्लिंगी, पाणी स्त्रीलिंगी.

शब्द कधीही सुटा पाठ करू नका, आणि ला-ल (इंग्रजीतला ‘द’) ऐवजी अँ-यून (‘एक’, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी) लावून पाठ करा. कारण स्वरापुढे ल आणि ला दोन्ही आखडून नुसता ल् उरतो. लेकोल (शाळा) आणि लार्ब्र (झाड) यांतून लिंग कळतच नाही. यूनेकोल, अँनार्ब्र म्हटले की ते कानातच बसते.

त्याखेरीज शब्दांचे शेवट पाहा. -सियोँ (स्तासियोँ) आणि -एत (फूर्शेत, काटा) हे स्त्रीलिंगी. -ते वर संपणारी भाववाचक नामेही बहुतेक स्त्रीलिंगीच. -माँ (आपार्तमाँ, मेदिकामाँ) बहुतेक पुल्लिंगी. -आझ पुल्लिंगी (व्ह्वायाझ, व्हिलाझ), पण पाझ, प्लाझ, इमाझ म्हणजे पान, समुद्रकिनारा, चित्र हे तिन्ही स्त्रीलिंगी. -ओ असा उच्चार होणारा ई-ए-यू हा शेवट पुल्लिंगी (ब्यूरो, बातो), पण पाणी आणि त्वचा यांचे शब्द, ओ आणि पो, स्त्रीलिंगी. ए१ साठी एवढे शेवट पुरेत. लांबलचक याद्या पाठ करत बसू नका.

मंद्रसप्तक

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. ऐकलेले कळत नाही, कारण शब्द डोळ्याने पाठ केले आहेत. फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजने बहुधा गप्प असतात : एस, टी, डी, एक्स, पी, झेड. सी, आर, एफ, एल ही बरेचदा ऐकू येतात. मात्र -ईआर ने संपणाऱ्या क्रियापदांत आर गप्प राहून नुसता ए उरतो.

क्रियापदाचा फायदा बघा. पार्ले (बोलणे) कागदावर पाच वेगळ्या रूपांत दिसते. पण मी, तू, तो आणि ‘ते’ या चौघांचा उच्चार एकच, पार्ल. ‘ते’च्या रूपाच्या शेवटी लिहिलेला ई-एन-टी अजिबात उच्चारायचा नाही. पार्लाँ म्हटले तर समोरच्याला कळत नाही. उरले नू (आम्ही) पार्लोँ आणि व्हू पार्ले. रोजच्या बोलण्यात नूच्या जागी ओँ वापरतात आणि त्यालाही पार्लच लागते, म्हणजे तोंडी फक्त दोन रूपे. फ्रेंचमधली सुमारे ९० टक्के क्रियापदे याच गटातली आहेत.

आता जोडउच्चार. गप्प असलेले एस पुढे स्वर आला की ज़ म्हणून जागे होते. इलज़ोँ म्हणजे त्यांच्याकडे आहे, इल सोँ म्हणजे ते आहेत. फरक फक्त ज़ आणि स चा. प्वासोँ मासा, प्वाज़ोँ विष. कान तयार होईपर्यंत या जोड्या रोज मोठ्याने म्हणा. एचचा उच्चार नसतो, तरी काही शब्दांपुढे हा जोड होत नाही : ले एरो म्हणजे नायक, ले ज़ेरो म्हणजे शून्ये. असे शब्द कोशात खुणेने दाखवलेले असतात.

चार ध्वनी मराठीत नाहीत, त्यांची कृती सांगतो.

त्यू, ल्यू यांतला स्वर ‘यू’ नाही. लांब ‘ई’ म्हणत राहा, जीभ हलवू नका, आणि फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. जीभ मागे सरकली की ‘ऊ’ होतो आणि ‘वर’चा शब्द ‘खाली’ असा ऐकू येण्यापर्यंत गोंधळ जातो : दस्यू म्हणजे वर, दसू म्हणजे खाली.

झ म्हणून मी जे लिहितो आहे ते ‘झाड’मधला झ नाही आणि ‘माझा’मधलाही नाही. ‘श’ लांबवा आणि जीभ तिथेच ठेवून गळ्याला कंप द्या.

र जिभेच्या टोकाने काढायचा नाही. टोक खालच्या दातांना टेकवून ठेवा म्हणजे ते मध्ये येणार नाही. मग हलके खाकरल्यासारखी हवा पडजिभेजवळ घासू द्या. जोर लावू नका.

अनुनासिक स्वर ही सर्वांत मोठी अडचण. आपण अनुस्वाराचा उच्चार पुढच्या व्यंजनाप्रमाणे न् किंवा म् करून मोकळे होतो. फ्रेंचमध्ये तोंड शेवटपर्यंत उघडे राहते. व्हँ (वाइन), व्हाँ (वारा), व्होँ (जातात) हे तीन वेगळे शब्द आहेत. म्हणताना शेवटी जीभ टाळूला लागली तर चुकले. गोव्याची कोकणी बोलणाऱ्यांना हे पटकन जमते, कारण त्यांच्या बोलण्यात असे स्वर आहेतच.

सागरगोटा

मंद्रसप्तक यांच्याशी सहमत, पण एक भर घालते. इथे आपण देवनागरीत लिहितोय ते चर्चेपुरते ठीक. केवडा, वहीत उच्चार देवनागरीत लिहू नका. व्हँ-व्हाँचा फरक लिपीत आला तरी त्यू आणि दस्यूतला स्वर येत नाही, आणि दोन महिन्यांत चुकीचा उच्चार पक्का होतो. कार्डाच्या एका बाजूला आवाज, दुसऱ्या बाजूला स्पेलिंग आणि अर्थ ठेवा. अँकीसारख्या कार्डांच्या अॅपमध्ये आवाज जोडता येतो.

विशेषणे स्त्रीलिंगी रूपापासून शिका. पतीत (लहान), ग्राँद (मोठी), व्हेर्त (हिरवी) : शेवटचे व्यंजन काढले की पती, ग्राँ, व्हेर ही पुल्लिंगी रूपे मिळतात. उलट दिशेने कोणते व्यंजन जोडायचे ते कळत नाही.

इंग्रजीशी मिळतेजुळते दिसणारे शब्द तपासून घ्या. लिब्रेरी म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय ते बिब्लियोतेक. कोलेझ ही साधारण ११ ते १५ वयाच्या मुलांची शाळा. रेस्ते म्हणजे राहणे, थांबणे, विश्रांती नव्हे. मोने म्हणजे सुटे पैसे. उलट पाव, साबण, पगार, मेस्त्री हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द फ्रेंचच्या पँ, साव्होँ, पेये, मेत्र यांचे नातलग आहेत. हे चार तर फुकटच मिळाले.

विसाची कोडी

आकड्यांचे मी सांगतो. जुनी माणसे ‘चार विसा’ म्हणत, म्हणजे ८०. फ्रेंच ८० अगदी तेच आहे : कात्र-व्हँ, चार वीस. ७० म्हणजे साठ-दहा, ९० म्हणजे चार-वीस-दहा. त्यामुळे ७५ हे साठ-पंधरा आणि ९५ हे चार-वीस-पंधरा.

ऐकताना गडबड होते ती घाईमुळे. फ्रान्समधला फोन नंबर दहा अंकी असतो आणि दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. ‘स्वासाँत’ (साठ) ऐकल्याबरोबर ६ लिहू नका : पुढे दोज़ (बारा) आले तर ७२ होते. ‘कात्र-व्हँ’ नंतरही थांबा, पुढे एक ते नऊ आले तर ८०च्या घरात, दहा ते एकोणीस आले तर ९०च्या. सरावासाठी ६० ते ९९ मधल्या २० जोड्या दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि जोडी पूर्ण झाल्यावरच पेन टेकवा.

लिहिताना : नेमक्या ८०च्या शेवटी एस लागतो, ८१ पासून नाही. ७१ मध्ये ‘आणि’ येते (स्वासाँते ओँज़), ८१ आणि ९१ मध्ये येत नाही. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७०ला सेप्ताँत, ९०ला नोनाँत म्हणतात. ऐकल्यावर ओळखता आले म्हणजे झाले.

केवडा

लिंगासाठी कार्डे आजच बदलायला घेते. एक तासाची विभागणी आणि परीक्षेबद्दल कोणी सांगेल का? नकारार्थी वाक्यात अँ-यूनचे द का होते, तेही.

दवबिंदू

नकार आधी. न क्रियापदाच्या आधी, पा नंतर. बोलताना न बहुधा गळते, खरा ‘नाही’ म्हणजे पा. एखादी वस्तू शून्य आहे असे सांगताना ‘एक’ उरतच नाही, म्हणून अँ, यून, दे या सगळ्यांचे द होते : झ ने पा द व्ह्वात्यूर, माझ्याकडे गाडी नाही. पण ‘ही गाडी नाही’ म्हणताना वस्तू आहे, तिची ओळख नाकारतोय, म्हणून एत्रनंतर यून तसेच राहते. ल-ला-ले कधीच बदलत नाहीत.

एका तासात १५ मिनिटे कार्डे (नवे शब्द दहाच, बाकी जुने), २० मिनिटे श्रुतलेखन : एका मिनिटाचा ध्वनिमुद्रित संवाद तीनदा ऐकून लिहायचा आणि मग मूळ मजकुराशी ताडायचा. पुढची १५ मिनिटे एक व्याकरणाचा मुद्दा मोठ्याने वाक्ये करून, उरलेली १० लेखनाला. श्रुतलेखन टाळू नका, तुमची दुसरी अडचण तिथेच सुटेल.

परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चार भागांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ लागतात. लेखनात एक अर्ज भरायचा आणि किमान ४० शब्दांचा साधा मजकूर लिहायचा असतो. अर्जात नोँ म्हणजे आडनाव आणि प्रेनोँ म्हणजे स्वतःचे नाव. इथे पुष्कळ जण उलटे लिहितात. राष्ट्रीयत्वापुढे पुरुषानेही ‘अँदियेन’ हे स्त्रीलिंगी रूप लिहायचे, कारण ते विशेषण ‘नासियोनालिते’चे आहे, माणसाचे नाही. पत्त्याचे वाक्य : झाबीत आ प्युने, आँनँद. गावाला आ, स्त्रीलिंगी देशाला आँ (आँ फ्राँस), पुल्लिंगी देशाला ओ (ओ कानादा).

मंद्रसप्तक

तोंडी भाग ५ ते ७ मिनिटांचा. आधी स्वतःची माहिती, मग चिठ्ठीवरच्या शब्दांवरून परीक्षकाला प्रश्न विचारायचे, शेवटी दुकान-तिकीट असा प्रसंग. प्रश्नांसाठी एस क पुरते. ते आपल्या ‘का’चे काम करते, फक्त वाक्याच्या सुरुवातीला येते : तुम्ही येता का, एस क व्हू व्हने?

नावाचे स्पेलिंग विचारू शकतात, ते आधीच तयार ठेवा. इथे इंग्रजी सवय घात करते. जी हे अक्षर झे आणि जे हे अक्षर झी, बरोबर उलटे. ई या अक्षराचे नाव अ (ओठ गोल करून), आणि तुम्ही ‘ई’ म्हणालात तर परीक्षक आय लिहील. एच म्हणजे आश, वाय म्हणजे ई ग्रेक, डब्ल्यू म्हणजे दूब्ल व्हे. लागोपाठ दोनदा येणाऱ्या अक्षराआधी ‘दोन’चा शब्द म्हणायचा. जोगळेकर हे आडनाव त्यासाठी छान आहे, तिन्ही फसवी अक्षरे त्यात आहेत : झी, ओ, झे, एल, अ, का, आ, एर.