मदत हवी आहे: इतिहासाच्या पुस्तकाचं चिकित्सक परीक्षण कसं लिहायचं?

ऋतुजा_सातारा:
सोमवारी जमा करायचंय म्हणून घाईत लिहितेय. पुस्तक परीक्षण लिहून दिलं होतं, सरांनी 'हा सारांश झाला' असा शेरा मारून परत केलं. प्रत्येक प्रकरणात काय आहे ते नीट लिहिलं होतं, आणखी काय लिहायचं असतं? एवढ्या मोठ्या लेखकाच्या चुका मी कशा काढणार? कुणाकडे नमुना असेल तर टाका, प्लीज.

कृष्णाकाठ:
पुस्तक कोणतं? किती शब्द? मराठीत की इंग्रजीत? काहीच सांगितलं नाहीस तर काय सांगणार?

कुंडलकर:
माझं ऐक, प्रतिसरकारवरचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथं उभ्या राहिलेल्या समांतर सरकारवरचं, पुस्तक घे. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी इथं गावोगावी न्यायनिवाडे केले. आताच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. आपल्या मातीतला विषय सोडून बाकीचं कशाला?

ऋतुजा_सातारा:
पुस्तकं सरांनीच वाटून दिलीत, बदलता येत नाही. मला ग्रँट डफ आलाय, त्या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलेला मराठ्यांचा इतिहास. मराठीत, १५०० शब्द. टीवाय, म्हणजे पदवीचं तिसरं वर्ष.

जुनी_बखर:
हे आधी सांगायचं ना! साताऱ्यात बसून ग्रँट डफ वाचायला मिळणं म्हणजे भाग्य. चुका शोधू नकोस, प्रश्न विचार. पहिला प्रश्न: लिहिणारा कोण? १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, पण १८२२ पर्यंत कारभार याच माणसाच्या हातात होता. दप्तरं, म्हणजे राज्यकारभाराचे जुने कागद, त्याला पाहायला मिळाले ते त्यामुळंच. म्हणजे त्याची ताकद आणि त्याची मर्यादा एकाच जागी आहे. यावर एक पूर्ण परिच्छेद होतो.
दुसरा: मराठ्यांचा उदय तो कसा समजावतो? सह्याद्रीच्या रानात वाळलेलं गवत पेटावं तसा, असं म्हणतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० च्या त्यांच्या पुस्तकात नेमकं हेच खोडून काढलं. हा अचानक लागलेला वणवा नव्हता, त्याआधी संतांनी समाज जागा केला होता, असं त्यांचं म्हणणं. दोघांपैकी कुणाचं पटतं आणि का, ते लिही. परीक्षण तिथून सुरू होतं.

पोवईनाका:
इंग्रजाचा इतिहास आपण का वाचायचा? त्यानं लिहिलेलं सगळं ईस्ट इंडिया कंपनीच्या सोयीचं. १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, त्यावर एक शब्द तरी लिहिलाय का त्यानं?

जुनी_बखर:
ग्रंथ १८२६ चा आहे. १८३९ त्यात कुठून येणार?

मिरजेची_बाई:
पोवईनाका, लेखक इंग्रज म्हणून पुस्तक खोटं, असं पोरीनं लिहिलं तर हा पेपरही परत येईल. मी बरीच वर्षं इतिहास शिकवला, मुलं एकतर आरती ओवाळतात नाहीतर शिव्या घालतात. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी १८६७ मध्ये पुण्यात याच ग्रंथावर टीकेचा निबंध वाचला, तेव्हा ते विद्यार्थीच होते. म्हणून ऋतुजा, 'मी कशी काढणार' हे डोक्यातून काढ.
एक प्रसंग निवड, अफझलखानाचा घे. डफ तो कसा सांगतो, तळटीपेत कोणती साधनं देतो, कोणत्या शब्दांत दोष देतो, ते पानाच्या आकड्यासकट उतरव. मग तोच प्रसंग शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीत बघ. सारांशाला २०० शब्दांच्या वर जाऊ नकोस.

कुंडलकर:
बखरींवर तरी किती विश्वास ठेवायचा? त्याही नंतरच्याच.

मिरजेची_बाई:
सभासदाची राजाराम महाराजांच्या काळातली आहे. तरी मुद्दा बरोबर, ते ऋतुजानं लिहावंच. दोन्हींना तोच नियम.

सुबक_अक्षर:
मुखपृष्ठावर शिवमुद्रा टाक, छान दिसतं. स्पायरल राजवाड्यावर करून मिळेल.

ऋतुजा_सातारा:
मुखपृष्ठाचं नको आत्ता! माझ्याकडं झेरॉक्स आहे, तीही फक्त पहिल्या खंडाची. तीन खंड वाचावे लागतील का? रानड्यांचं मराठीत मिळेल?

जुनी_बखर:
पहिला खंड आणि प्रस्तावना पुरे, पण पहिल्याच ओळीत तसं सांगून टाक. प्रस्तावना गाळू नकोस, साधनं कशी मिळवली ते त्यानं तिथंच सांगितलंय. रानड्यांचा अनुवाद आहे, नगर वाचनालयात विचार.

कृष्णाकाठ:
उद्या सकाळीच जा. आणि सरांनी शेऱ्यात आणखी काही लिहिलं असेल तर तेही टाक इथं.