कार्यालयाचा संगणक आणि वॉरंटीचा कागद

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. सोसायटीच्या कार्यालयातील संगणक आपण २०१७ मध्ये घेतला होता. त्यावरील विंडोज १० साठी मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसत नाही, असे दुरुस्तीवाल्याचे म्हणणे आहे. नवीन संगणकाच्या कोटेशनमध्ये दुकानदाराने एक वर्षाच्या वॉरंटीखेरीज आणखी दोन वर्षांच्या ‘वाढीव वॉरंटी’चे ६,५०० रुपये वेगळे दाखवले आहेत. रविवारच्या समिती बैठकीत निर्णय घ्यायचा असल्याने जाणकारांनी आपले मत कळवावे, ही विनंती.

ए-३०४: सचिव साहेब, जो संगणक आजही सुरळीत चालतो, तो मोडीत काढण्याचे कारण मला समजलेले नाही. दुरुस्तीवाल्याला नवीन यंत्र विकायचे आहे, एवढाच याचा अर्थ नाही ना? सी-१०२ च्या काकांनी यावर बोलावे. त्यांच्या घरात संगणकांचे सुटे भाग भांड्यांपेक्षा जास्त आहेत.

सी-१०२: भांड्यांचे निरीक्षण खरे आहे आणि त्यावरून घरी नाराजीही आहे. मात्र या वेळी दुरुस्तीवाला खोटे बोलत नाही. आपल्या संगणकात सातव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आहे आणि इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहेत. यादीबाहेरच्या यंत्रावर ते बसवण्याच्या युक्त्या मी स्वतःच्या घरी केल्या आहेत, पण जिथे सभासदांच्या थकबाकीचा हिशोब राहतो, तिथे मी त्या करणार नाही.

माझा खरा आक्षेप त्या ६,५०० रुपयांवर आहे, आणि तो थोडा सविस्तर मांडतो.

पहिला संगणक मी १९९९ मध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन जोडला. तेव्हा ‘साहेब, काही झाले तर घेऊन या’ या वाक्यालाच आम्ही गॅरंटी समजत होतो. २००२ मध्ये घेतलेल्या मदरबोर्डला मात्र तीन वर्षांची लेखी वॉरंटी होती आणि तो तीन वर्षे दोन महिन्यांनी बंद पडला. उघडून पाहिले तर प्रोसेसरच्या शेजारचे पाच कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, माथ्यावर फुगून त्यांतून तपकिरी द्रव आलेला होता. त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या अनेक बोर्डांवर बसले होते, त्यामुळे ज्याने ते बदलून दिले, त्या दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर तसल्याच फुगलेल्या कपॅसिटरने भरलेली लोणच्याची बरणी होती. दोनशे रुपयांत बोर्ड पुन्हा चालू झाला आणि पुढे चार वर्षे चालला. मुदत संपली म्हणजे वस्तू संपली, असे नसते, हे मी तेव्हा शिकलो.

दुसरा अनुभव याच्या नेमका उलट होता. २०११ मध्ये माझी हार्ड डिस्क वॉरंटीच्या मुदतीतच गेली. कंपनीने तक्रार न करता बदलून दिली, परंतु आलेली डिस्क दुरुस्त करून पुन्हा पाठवलेली होती, तसे लेबलच तिच्यावर होते. जुनी डिस्क परत देणे ही अट होती आणि तिच्यात आईच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो होते. माहितीची जबाबदारी कंपनीवर नाही, हे वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेले होते. मी ते वाचले नव्हते, त्यामुळे दोष द्यायला माझ्याशिवाय कोणी उरले नाही. बॅकअपसाठी दुसरी डिस्क घ्यायला गेलो, तर थायलंडच्या पुरामुळे भाव जवळजवळ दुप्पट झाले होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मोठ्या उत्पादकांनी काही डिस्कची वॉरंटीची वर्षेही कमी केली.

बी-५०१: काका, म्हणजे वाढीव वॉरंटी घेऊ नये, असे आपले म्हणणे आहे का? लॅपटॉपसाठी मी ती घेतली होती आणि स्क्रीन गेल्यावर तिचा मोठा उपयोग झाला.

सी-१०२: ताई, लॅपटॉपचा स्क्रीन महाग असतो आणि लॅपटॉप हातातून पडतो, तेव्हा तुमचा निर्णय योग्यच होता. टेबलावर स्थिर असलेल्या डेस्कटॉपची गोष्ट वेगळी आहे. त्यात सहसा जातो तो एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, आणि साध्या कार्यालयीन यंत्राचा एसएमपीएस ६,५०० रुपयांपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही वाढीव वॉरंटी उत्पादक देतो आहे की दुकानदार, हे कोटेशनमध्ये लिहिलेलेच नाही. दुकानदाराची असेल, तर दुकान असेपर्यंतच ती आहे.

खजिनदार: कोटेशनमध्ये एसएसडीपुढे ‘५ वर्षे अथवा ३०० टीबीडब्ल्यू’ असे लिहिले आहे. ही काय भानगड आहे?

सी-१०२: पाच वर्षे पूर्ण होणे किंवा त्या एसएसडीवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, एकूण ३०० टेराबाइट माहिती लिहिली जाणे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तिची वॉरंटी संपेल. आपल्या कार्यालयात रोज वीस जीबी लिहिले गेले, असे अतिशय उदारपणे धरले, तरी त्या आकड्याला चाळीस वर्षे लागतील. यावरून हेही लक्षात येईल की संगणकाला एकच वॉरंटी नसते. ब्रँडेड यंत्राला ती एकत्र मिळते, पण जोडून घेतलेल्या यंत्रात प्रोसेसरची वेगळी, बोर्डाची वेगळी आणि मॉनिटरची वेगळी असते. म्हणून बिल सोसायटीच्या नावाने हवे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा. खोक्यांचे फोटोही काढून ठेवावेत, कारण सफाईच्या दिवशी खोकी नेहमी आधी जातात.

ए-३०४: एवढे करूनही दुकानदाराने हात वर केले, तर?

सी-१०२: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगात तक्रार आपण जिथे राहतो तिथेच करता येते, सहकारी संस्थाही तक्रार करू शकते, आणि साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. बिल मात्र लागेलच.

विंडोजबद्दल एक सूचना आहे. यंत्राबरोबर येणारा ओईएम परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो आणि बोर्ड बदलल्यास तो पुढे चालेलच, असे नाही. कोटेशनमध्ये परवाना ओईएम आहे की रिटेल (म्हणजे वेगळा विकत घेतलेला), हे लिहून घ्यावे, आणि परवान्याशिवायच ‘विंडोज आम्ही टाकून देतो’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा.

खजिनदार: मग जुन्या यंत्राचे काय करावे?

सी-१०२: त्यात एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून ते वाचनालयाच्या खोलीत ठेवता येईल. आपले हिशोबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असल्याने कार्यालयात ते नको. मात्र त्याआधी एक काम तातडीने करावे लागेल. २००६ पासूनची इतिवृत्ते युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सर्व संगणकांवर मराठी सारखीच दिसण्याची पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकलेली आहेत, ती नवीन यंत्रावर उघडली तर निरर्थक चिन्हे दिसतील, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती नीट दिसतात, ते संगणकाच्या मागे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय सुरूच होत नाही.

सचिव: दुकानदाराकडून वाढीव वॉरंटी वगळून, परवान्याच्या स्पष्ट उल्लेखासह सुधारित कोटेशन मागवले आहे. डोंगल म्हणजे ते हिरवे, पेन ड्राइव्हसारखे दिसणारे उपकरण का? ते जनरेटरच्या चाव्यांच्या जुडग्यात आहे.

सी-१०२: तेच ते. कृपया ते वॉचमनकडे देऊ नये. मी शनिवारी सायंकाळी सहा वाजता येतो आणि सगळी इतिवृत्ते युनिकोडमध्ये आणून दोन वेगळ्या डिस्कवर घेतो.