प्रतिसाद: डेबियनसाठी पाठवायच्या आधी लायसन बघा

दादा, तुमचं मराठी-कन्नड स्पेलचेकर डेबियनात (लिनक्सवरच्या त्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमात) जावं असं मलाही मनापासून वाटतंय, आपल्या बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही भाषा लागतात. पण तुम्ही लिहिलंय की कोड चालतोय म्हणजे आता नुस्तं पाठवायचं, तसं नाही हो. पहिलं लायसन बघा. कोडला जीपीएल (कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं मुक्त लायसन) आहे ते ठीकाय, पण शब्दयादीच्या फोल्डरात ‘फक्त बिनव्यावसायिक वापरासाठी’ अशी ओळ आहे की, ती असेस्तोवर मेन विभागात, म्हणजे डेबियनच्या पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य साठ्यात घेणार नाहीत, 1997 पासूनच्या डेबियनच्या नियमांत सहावा मुद्दाच हा आहे की धंद्यात वापरायला आडकाठी नको. ज्यांनी यादी दिली त्यांच्याकडून लायसन बदलून घ्या, लेखी, आणि कुठल्या फाइलवर कुणाचा हक्क ते डेबियन फोल्डरातल्या कॉपीराइट फाइलीत नीट लिहा, नवीन पॅकेज आलं की एफटीपीमास्टर मंडळी (पॅकेज तपासून डेबियनात घेणारे) हेच बारकाईनं बघतात.

दुसरं म्हणजे तुमची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून पॅकेज बनवताना, नेटवरून शब्दयादी ओढते, आणि मेनमधल्या पॅकेजला बिल्डच्या वेळी नेट वापरायला पॉलिसीत मनाई आहे, तिथंच अडकणार. यादी टारबॉलातच (सगळा सोर्स एकत्र बांधलेल्या फाइलीतच) घाला. आणि एकदा सोडलेला टारबॉल गुपचूप बदलू नका, दुरुस्ती निघाली तर सरळ पुढचा व्हर्जन नंबर.

आयटीपी बग (हे पॅकेज करतोय अशी डेबियनला द्यायची नोंद) तुम्ही टाका, लिंटियनच्या (पॅकेजातल्या चुका शोधणाऱ्या प्रोग्रामच्या) वॉर्निंगा मी बघतो, मग स्पॉन्सर, म्हणजे आपल्या वतीनं पॅकेज चढवणारा डेबियनवाला, शोधू. पण यादीवाल्यांना या आठवड्यातच विचारा.