अनुभव धागा: उपवासाचं ताट, भात-भाकरी आणि इन्सुलिन

श्रावण तोंडावर आला की "उपवास करूनही साखर वाढली कशी?" हा प्रश्न हटकून येतो. म्हणून रोज ताटं मोजणाऱ्या, रक्त तपासणाऱ्या आणि गोळ्या देणाऱ्या मंडळींना मुद्दाम लिहायला बोलावलं आहे. विनंती एकच: किस्से नकोत. किती, कसं, कुठे चुकतं आणि का, एवढंच येऊ द्या.

आहारतज्ज्ञ

साबुदाण्यापासूनच सुरुवात करते. तो म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं नावालाच. खिचडीच्या भरल्या बशीत ६०-७० ग्रॅम कोरडा साबुदाणा सहज बसतो, वर अर्धा बटाटा. झाली एका बैठकीत साठेक ग्रॅम कर्बोदकं. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ३४ ग्रॅम असतात, म्हणजे ही बशी जवळजवळ दोन भाकऱ्यांची. फरक असा की भाकरीत तंतू असतो आणि सोबत पिठलं किंवा उसळ असते. खिचडीबरोबर बहुतेक घरांत गोड दही किंवा केळं येतं.

खिचडी बंद करायला सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून प्रमाण बदलावं. माणशी ३० ग्रॅम कोरडा साबुदाणा आणि तेवढाच दाण्याचा कूट. त्या कुटातून ७-८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. बटाट्याऐवजी काकडी, आणि ती खिचडीच्या आधी खायची, दह्याच्या कोशिंबिरीसकट. तंतू आणि प्रथिनं पोटात आधी गेली की जठर हळू रिकामं होतं, आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक जास्त सुटतं, आणि ग्लुकोज रक्तात एकदम न येता रांगेने येतं. तेच पदार्थ, तेवढंच वजन, फक्त क्रम उलटा केला तर साखरेचा आलेख वेगळा दिसतो.

भगर थोडी बरी, पण बाजारात मिळते ती बहुधा पॉलिश केलेली. दाण्याच्या आमटीशिवाय ती खाऊ नये. राजगिऱ्यात प्रथिनं चांगली आहेत, पण लाह्या करताना दाणा फुलतो आणि स्टार्च फार लवकर पचतो. त्यात लाडवाला गूळ. गुळाला साखरेपेक्षा सोज्वळ समजण्याची आपली सवय काही जात नाही.

मधुमेह प्रशिक्षक

वरच्या प्रतिसादात ताट आलं, वेळ राहिली. दिवसभर निरंकार राहून रात्री एकदम उपवास सोडणं हा साखरेसाठी सर्वांत अवघड प्रकार. जेवण थांबलं की इन्सुलिन उतरतं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन हे संप्रेरक वर येतं आणि यकृत आपल्या साठ्यातलं ग्लायकोजेन फोडून साखर पुरवतं. ते कमी पडू लागलं की चरबी वितळून मेदाम्लं रक्तात फिरतात. इतक्या वेळ मेदाम्लांवर चाललेले स्नायू मग समोर आलेलं ग्लुकोज पटकन उचलत नाहीत. स्वादुपिंडाचा इन्सुलिनचा पहिला झटकाही मंदावलेला असतो. त्यात संध्याकाळनंतर इन्सुलिनचा परिणाम सकाळपेक्षा कमीच. म्हणून तीच बशी दुपारी एकला खाल्ली तर कमी चढते, रात्री नऊला जास्त.

सोडताना दोन टप्पे करा. आधी ताक किंवा दूध आणि मूठभर दाणे, वीस-पंचवीस मिनिटांनी जेवण. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला, शतपावलीच्या जरा पुढे जा. चालताना स्नायू आकुंचन पावले की ग्लुकोज आत घेणारी दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. जेवणानंतर दोन तासांनी चाललात तर साखरेचं शिखर आधीच येऊन गेलेलं असतं.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ

घरच्या मीटरवर भांडणं फार, म्हणून हे आधी.

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा किंवा केळं सोललेल्या हाताने टोचलं तर त्वचेवरची साखरच मोजली जाते आणि आकडा भलताच वर जातो. धुवायची सोय नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली डबी विसरा. साखर १०० च्या वर असेल तर आकडा १५ टक्के इकडेतिकडे ही चालू मानकात मान्य असलेली चूक आहे, तेव्हा १४८ आणि १५९ मध्ये फरक शोधत बसू नका.

तुपात परतलेली खिचडी किंवा तळलेले साबुदाणा वडे खाल्ले असतील तर दोन तासांचा आकडा फसवतो. स्निग्धामुळे जठर उशिरा रिकामं होतं, शिखर तीन-साडेतीन तासांनी येतं. त्या दिवशी दोन वेळा तपासा.

पहाटेची साखर रात्रीपेक्षा जास्त असेल तर रात्रीच्या भाताला दोष देण्याआधी एकदा पहाटे तीनला मोजा. तेव्हा आकडा ठीक आणि सातला वाढलेला असेल तर ते कॉर्टिसॉल आणि वाढीच्या संप्रेरकाचं काम. उठायच्या वेळी यकृत साखर सोडतं. तीनलाच ७० च्या खाली असेल तर प्रकरण वेगळं, औषध जास्त होतंय का ते डॉक्टरांनी बघायचं.

विदर्भ आणि नंदुरबार पट्ट्यातल्या वाचकांसाठी खास: सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर एचबीएवनसीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, विसंबू नका. लाल पेशी लवकर मोडतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात उलट, तो थोडा वर जाऊ शकतो. सिकलसेलमध्ये फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) तपासणी किंवा थेट रक्तशर्करा बघतात.

औषधविक्रेते

उपवासाला सर्वांत धोक्याची गोळी ग्लिमेपिराइडसारखी, जी जेवण असो-नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. घाम, थरथर, चिडचिड दिसली की मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातली स्निग्धं साखर अडवून ठेवतात.

बहुतेकांना हे माहीत नसतं: सोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर वेळेवर काम करत नाही. साखर फोडणारं आतड्यातलं विकरच ती गोळी रोखते. अशा माणसाजवळ ग्लुकोजची पूड हवी, कारण ती फोडावीच लागत नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कडक उपवास किंवा भात-पोळी पूर्ण बंद हा प्रयोग परस्पर करू नये. कर्बोदकं नाहीत, इन्सुलिन कमी, वर गोळी साखर लघवीतून काढतेय. अशात कीटोआम्लता होते, म्हणजे चरबी जळून रक्तात आम्लं साठतात, आणि मीटरवर साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास दिसला की थेट दवाखाना. डोस बदलायचा तो उपवासाच्या आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून.

स्त्रीरोगतज्ज्ञ

पीसीओएसमध्ये (अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) साखर नॉर्मल आणि इन्सुलिन मात्र चढं, असं चित्र नेहमीचं. ते जादा इन्सुलिन एलएच या मेंदूतल्या ग्रंथीच्या संप्रेरकाच्या जोडीने अंडाशयाला जास्त अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरकं) बनवायला लावतं, आणि यकृतात एसएचबीजी हे वाहक प्रथिन कमी करतं. त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस आणि लांबलेली पाळी तिथून येते. मानेवरची काळी मखमली त्वचाही त्याच इन्सुलिनची, ती घासून जात नाही. अशा मुलींना पोळी-भात तोडायला लावू नये. नाश्त्यात पोह्यांबरोबर मोड आलेली मटकी किंवा अंडं घाला, गोड चहा-बिस्किटांच्या फेऱ्या कमी करा. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो.

गरोदरपणात वारेची संप्रेरकं इन्सुलिनचा परिणाम मुद्दाम कमी करतात, बाळाला साखर मिळावी म्हणून. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यातून देतात, उपाशी असण्याची अट नाही, आणि दोन तासांनी १४० किंवा वर आलं तर गर्भकालीन मधुमेह धरतात. ग्लुकोजपाणी दहा मिनिटांच्या आत संपवायचं. अर्ध्या तासात उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ (पुन्हा)

पीसीओएसवरून आठवलं. इन्सुलिनची तपासणी करायचीच तर रात्रभर उपाशीपोटी, आणि साखर त्याच नमुन्यातली हवी. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागा, शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज येतो (होमा-आयआर). साखर ९५, इन्सुलिन १५ असेल तर साडेतीन. पण इन्सुलिन मोजायच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक वेगळ्या, म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसरीकडच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

आहारतज्ज्ञ (पुन्हा)

खाली दोघांनी विचारलंय, शिळ्या भाताने साखर कमी चढते का. शिजवून थंड केलेल्या भातातला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि पचत नाही, हे खरं. फरक लहान आहे, त्या जोरावर फोडणीचा भात दुप्पट खाऊ नका. भात तासाभरात फ्रीजमध्ये जायला हवा. ओट्यावर रात्रभर राहिला तर त्यात बॅसिलस सेरेउस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष फोडणीच्या आचेने मरत नाही.

आणि लिंबूपाण्यावर नवरात्र करून दोन किलो उतरवणाऱ्यांसाठी: स्नायू आणि यकृत मिळून ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साठवतात, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. आधी जातं ते हे. दसऱ्याच्या श्रीखंड-पुरीनंतर दोन दिवसांत काटा जागेवर येतो.