भाताच्या मुळाशी मिथेन खाणारे जीवाणू

भातशेती म्हणजे नुसता मिथेनचा, म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूचा, कारखाना असं लोक म्हणतात, पण अर्धीच गोष्ट झाली ही. खाचरातलं एक रोप उपटून मुळं धुवून बघा, तांबूस गंजासारखा थर दिसतो, तो लोखंडाचाच, कारण भाताच्या देठातल्या पोकळ्यांतून ऑक्सिजन खाली मुळापर्यंत उतरतो आणि मुळाभोवतीच्या त्या पातळ पट्ट्यात मिथेन खाऊन जगणारे जीवाणू राहतात, चिखलातून वर येणारा बराच गॅस तिथेच संपवतात. त्याच पोकळ्यांतून उरलेला मिथेन हवेत सुटतो हेही खरंच. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर भातखाचरातला असा एक जीवाणू वेगळा केलाय, आकार काकडीसारखा म्हणून नावच मिथायलोक्युक्युमिस ओरायझी! मला फार अभिमान वाटतो याचा. आणि मधेमधे पाणी काढून खाचर सुकू दिलं की चिखलात हवा शिरते, मग मिथेन तयारच कमी होतो.